१९३३ चं टोलेडो: पगार नसलेल्या घरातला रेडिओ

विचारणा अशी आली आहे. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या एकांकिका स्पर्धेसाठी संहिता लिहून होत आली आहे. स्थळ ओहायोतलं टोलेडो, साल १९३३. मोटारीच्या कारखान्यातली नोकरी गेलेला बाप, आई, मोठी मुलगी, धाकटा मुलगा. पहिल्याच प्रवेशात आई रेडिओ विकायला काढते. मुलं मोनोपॉली खेळतात. मुलगी दहा सेंट चोरून सिनेमाला जाते. मागच्या पडद्यावर एक गाजलेला फोटो दाखवायचा आहे: मोटारीत बसलेल्या हसऱ्या गोऱ्या कुटुंबाची भिंतभर जाहिरात, आणि तिच्या खाली रांगेत उभी असलेली काळी माणसं. दिग्दर्शकाची हरकत अशी की ज्या घरात खायला नाही त्या घरातली मुलगी सिनेमाला जाईल हे प्रेक्षकांना पटणार नाही. लेखकाला त्या काळचं घर, बातम्या आणि करमणूक याबद्दल नेमकी माहिती हवी आहे.

मी ओहायोतल्याच एका सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचा विभाग बरीच वर्षं सांभाळते आहे. मायक्रोफिल्मवरची वर्तमानपत्रं, जनगणनेचे तक्ते, जुन्या डिरेक्टऱ्या, लोकांनी आणून दिलेल्या घरखर्चाच्या वह्या हे माझं रोजचं काम. उत्तर लांबणार आहे, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि संहितेत हात घालण्यासारखं पुष्कळ आहे.

दिग्दर्शकाच्या हरकतीपासून सुरुवात करते. हरकतीमागे एक समजूत आहे की महामंदी म्हणजे दुष्काळ. आपल्याकडच्या आठवणी दुष्काळाच्या असतात, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण १९३३ च्या अमेरिकेत टंचाई मालाची नव्हती, रोकडीची होती. माल इतका होता की भाव कोसळले होते. त्या हिवाळ्यात आयोवातले शेतकरी शेगडीत मका जाळत होते, कारण मक्यापेक्षा कोळसा महाग पडत होता. विस्कॉन्सिनमध्ये दूध उत्पादकांनी भाव मिळावा म्हणून कॅन रस्त्यावर ओतले. त्याच वर्षी सरकारने डुकरांचे भाव सावरायला साठ लाखांच्या आसपास डुकरं विकत घेऊन मारली. शहरात पावाची लादी सात सेंटला आणि दारात येणारं क्वार्टभर, म्हणजे लिटरभराच्या आसपास, दूध साधारण दहा सेंटला मिळत होतं. दुकानाच्या फळीवर पाव आहे, गिऱ्हाइकाला भूक आहे, आणि गिऱ्हाइकाच्या खिशात सात सेंट नाहीत. तुमचं सगळं नाटक या एका गोष्टीत आहे. प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा: इथे रोख पैसे लागतात का, आणि ते कुणाच्या हातात आहेत?

टोलेडो निवडलंत हे उत्तम केलंत, पण मग टोलेडोचीच कहाणी सांगा. देशभरात १९३३ साली चारातला एक कामगार बेकार होता. टोलेडो मोटारी आणि मोटारीच्या सुट्या भागांवर जगणारं गाव, त्यामुळे तिथे हाल जास्त. विलीज-ओव्हरलँड हा गावातला सर्वांत मोठा कारखाना फेब्रुवारी १९३३ मध्ये रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या, ताब्यात गेला. त्याहून महत्त्वाचं असं की टोलेडोच्या बहुतेक मोठ्या बँका १९३१ च्या उन्हाळ्यातच बुडाल्या होत्या. ठेवींना विम्याचं संरक्षण नव्हतं, ते १ जानेवारी १९३४ पासून आलं. बुडालेल्या बँकेतला पैसा तिची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या लिक्विडेटरकडून तुकड्यातुकड्याने, वर्षानुवर्षं, अर्धामुर्धा परत येत राहिला. म्हणजे मार्च १९३३ मध्ये जेव्हा नवा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने देशातल्या सगळ्या बँका बंद केल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या घरात जो धक्का बसला तो तुमच्या टोलेडोच्या घरात दीड वर्षं जुना झालेला होता. तुमच्या संहितेत बाप ६ मार्चला बँकेच्या दाराशी धावत जातो. टोलेडोचा बाप धावणार नाही. त्याचं पासबुक कपाटात आहे, त्यात आकडा आहे आणि त्या आकड्याचं काही होत नाही. शेजारच्या मिशिगनमध्ये १४ फेब्रुवारीलाच गव्हर्नरने बँका बंद केल्या होत्या. डेट्रॉइट तासाभराच्या अंतरावर. आजूबाजूचे घाबरलेले असताना हे कुटुंब घाबरत नाही, हा प्रसंग धावपळीपेक्षा कितीतरी बोलका होईल.

५ एप्रिलला आणखी एक हुकूम निघाला. घराघरातली सोन्याची नाणी १ मेच्या आत बँकेत जमा करा. माणशी शंभर डॉलरपर्यंतची सूट होती आणि दागिन्यांना हात लावलेला नव्हता. मराठी प्रेक्षक सोनं म्हटलं की कान टवकारतो, म्हणून हे सांगते. त्याच सुमारास आपल्याकडे शेतमालाचे भाव पडल्यामुळे खेड्यापाड्यातलं सोनं मोडीत निघत होतं आणि १९३१ च्या अखेरीपासून मुंबई बंदरातून बाहेर चाललं होतं. पण तुमच्या कामगाराच्या घरात सोन्याचं नाणं असणं कठीण आहे. आजीच्या पेटीत एखादं असेल तर त्यावरून छान वाद होऊ शकतो.

आता रेडिओ. आईला तो विकायला लावू नका. माझं सगळ्यांत ठाम मत कुठलं असेल तर हे.

१९३० च्या जनगणनेत घरोघर विचारलं गेलं होतं की तुमच्याकडे रेडिओ आहे का. असेल तर त्या रकान्यात इंग्रजी आर हे अक्षर लिहायचं. त्या वेळी देशातल्या साधारण चाळीस टक्के घरांत रेडिओ निघाला. १९४० मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर गेलेलं होतं. अमेरिकेच्या आर्थिक इतिहासातली सर्वांत वाईट दहा वर्षं, आणि तेवढ्यात रेडिओची घरं दुप्पट. आता याच्या शेजारी टेलिफोन ठेवून पाहा. १९३० ते १९३३ या तीन वर्षांत देशातले टेलिफोन तीस लाखांहून जास्त कमी झाले. दोन्ही वस्तू बातमी आणि माणसांचा आवाज घरात आणणाऱ्या. मग एक वाढते आणि एक काढून टाकली जाते असं का? टेलिफोनला दर महिन्याला रोख भाडं द्यावं लागतं. रेडिओ एकदा घेतला की संपलं. आपल्याकडे पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरावं लागायचं, ते अमेरिकेत कधीच नव्हतं. कार्यक्रमाचे पैसे साबणवाला, टूथपेस्टवाला, ओव्हलटीनवाला देत होता. फक्त विजेचं बिल थकता कामा नये.

आणि विकून येणार तरी काय होतं? १९२९ साली कपाटाएवढा रेडिओ शंभर डॉलरच्या वर होता. १९३० मध्ये फिल्को कंपनीने मेजावर ठेवायचा, कमानीच्या आकाराचा सेट ४९ डॉलर ५० सेंटला आणला. १९३३ पर्यंत वीस डॉलरच्या आतले छोटे सेट दुकानात होते. जुन्या सेटला गिऱ्हाईक कुठून मिळणार? हप्त्यावर घेतलेला असेल आणि हप्ते तटले असतील तर दुकानदार येऊन उचलून नेईल, ते शक्य आहे आणि ते नाट्यही आहे. पण आईने आपण होऊन पहिल्या प्रवेशात तो विकायला काढणं त्या घराच्या हिशोबात बसत नाही. आधी टेलिफोन जातो. मग मोटारीचे टायर झिजतात आणि मोटार अंगणात उभी राहते. मग विमा बंद पडतो. मग वाण्याकडची उधारी थकते, घरभाडं थकतं. रेडिओ शेवटपर्यंत राहतो.

रंगमंचासाठी एक तपशील. त्या काळचा रेडिओ व्हॉल्व्हचा. बटण फिरवल्याबरोबर आवाज येत नाही. आधी तबकडीमागचा दिवा पिवळसर लागतो, मग मंद गुणगुण, आणि अर्ध्या मिनिटाने आवाज हळूहळू वर येतो. स्टेशन सरकतं, खरखर होते, कुणीतरी उठून नीट लावतं. नटांना ते अर्धं मिनिट द्या. सगळे उभे, कुणी बोलत नाही, आणि मग माणसाचा आवाज येतो. १२ मार्च १९३३, रविवार, पूर्वेच्या वेळेप्रमाणे रात्री १० वाजता रूझवेल्ट बोलला. पंधरा मिनिटंसुद्धा नाही. बँक म्हणजे काय, लोकांनी ठेवलेला पैसा तिजोरीत पडून का नसतो, उद्या कुठल्या बँका उघडतील, हे त्याने घरातल्या माणसाला समजावं तसं सांगितलं. गादीखाली पैसे ठेवण्यापेक्षा उघडलेल्या बँकेत ठेवणं सुरक्षित आहे, असं आश्वासन दिलं. दुसऱ्या दिवशी शहराशहरांत लोक पैसे काढायला नव्हे तर भरायला रांगेत उभे होते. तुमच्या बापाने ते भाषण ऐकावं आणि त्याच्यावर काय परिणाम झाला हे तुम्ही ठरवावं. त्याची बँक उघडणार नाही हे त्याला माहीत आहे.

रोजच्या ऐकण्यात संध्याकाळी सातला पंधरा मिनिटांची एक विनोदी मालिका असायची, ‘एमॉस अँड अँडी’. तिची लोकप्रियता अशी की सिनेमावाले चालू सिनेमा थांबवून हॉलमध्ये रेडिओ लावत, नाहीतर सातच्या खेळाला माणूस येत नसे. दोन गोरे नट काळ्या माणसांचे आवाज काढून त्यांची चेष्टा करत होते, हेही सांगितलं पाहिजे. १९३१ मध्ये ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या काळ्या समाजाच्या साप्ताहिकाने तिच्याविरुद्ध सह्यांची मोठी मोहीम चालवली होती. त्या दशकाच्या आठवणींच्या लेखांत ही मालिका गोड आठवण म्हणून येते आणि मोहीम गळते. टोलेडोत काळ्यांची मोठी वस्ती होती. आर्ट टेटम हा जाझचा असामान्य पियानोवादक त्याच गावचा, जवळजवळ अंध. त्याने १९३३ च्या मार्चमध्येच न्यूयॉर्कला आपल्या पहिल्या एकल रेकॉर्डी केल्या. कारखान्यांत काळ्या कामगाराला सर्वांत शेवटी घेत आणि सर्वांत आधी काढत. तुमच्या नाटकात शेजारी म्हणून का होईना, या लोकांपैकी कुणी असलं तर बरं.

सिनेमाकडे येते. मुलीने दहा सेंट चोरावेत हे मला पटतं. पण चोरीपेक्षा चांगला प्रसंग हाताशी आहे.

मंदीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सिनेमालाही फटका बसला. प्रेक्षक बरेच घटले, हजारो थिएटरं बंद पडली. जी उरली त्यांनी माणसं परत आणायला नाना उपाय केले. एका तिकिटात दोन सिनेमे, शिवाय कार्टून, बातमीपट. टोलेडोत गावाच्या मध्यभागी १९२९ साली उघडलेलं पॅरामाउंट हे महालासारखं थिएटर होतं. तिथे तुमची मुलगी जाणार नाही. ती जाईल गल्लीतल्या थिएटरला, जिथे काही आठवड्यांनी तोच सिनेमा येतो आणि मुलांचं तिकीट दहा सेंट असतं. तीन-साडेतीन तास, हिवाळ्यात उबदार. दहा सेंटमध्ये आठवडाभराचं दूध येत नाही, भाड्याची बाकी फिटत नाही. दहा सेंट वाचवून घर वाचत नव्हतं, हे मुलांनासुद्धा कळत होतं. दिग्दर्शकाला हे उत्तर द्या.

आणि हा प्रसंग. सोमवार-मंगळवार गर्दी नसते, म्हणून थिएटरवाले त्या रात्री तिकिटासोबत प्रत्येक बाईला चिनीमातीचं एक भांडं देऊ लागले. या आठवड्यात बशी, पुढच्या आठवड्यात कप, मग सूपचा वाडगा. एका नक्षीचा पूर्ण संच जमवायचा तर महिनोन् महिने दर आठवड्याला जायला हवं. थिएटरवाल्याला भांडं घाऊक भावात काही सेंटांत पडायचं. ओहायोच्या पूर्व टोकाला ईस्ट लिव्हरपूल भागात चिनीमातीच्या भांड्यांचे कारखानेच कारखाने होते, आणि मंदीत त्यांनाही माल खपवायचा होता. या रात्रींची आठवण सांगताना जुनी माणसं हमखास एक गोष्ट सांगतात. मांडीवरची बशी विसरून कुणीतरी उठायचं आणि अंधारात खळ्ळकन आवाज यायचा, आणि सगळं थिएटर टाळ्या वाजवायचं.

आता तुमच्या आईकडे बघा. ती सिनेमाला जाते आणि नवऱ्याला सांगते की बशीसाठी जाते. बशी ही वस्तू आहे, ती कपाटात दिसते, तिचं समर्थन करता येतं. आईला स्वतःसाठी दोन तास हवे होते हे ती कुणाला सांगू शकत नाही. मुलीच्या चोरीपेक्षा मला हा प्रसंग जास्त खरा वाटतो. बशांचं हे प्रकरण १९३३ पासून पसरत गेलं, म्हणून वर्षाच्या उत्तरार्धात ठेवा. बँक नाइट नावाची जी रोख बक्षिसांची सोडत होती, ती मात्र आणू नका. ती कोलोराडोकडे सुरू झाली आणि देशभर तिचं वेड लागलं ते दशकाच्या मध्याला. सिनेमा कुठला, असं विचारलं आहे. ‘किंग काँग’ न्यूयॉर्कला २ मार्चला लागला. देशभर बँका एकेक करून बंद होत असताना त्याला तिथे गर्दी झाली. देशात सर्वत्र तो एप्रिलमध्ये आला. गल्लीतल्या थिएटरला उन्हाळा उजाडेल.

वर्तमानपत्रांबद्दल लेखकाने विचारलंय की पहिल्या पानावरच्या कुठल्या बातम्या संवादात घालाव्यात. त्या वर्षाच्या ठळक बातम्या देते. १५ फेब्रुवारीला मायामीत रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या गेल्या, लागली शिकागोच्या महापौराला, तो ६ मार्चला गेला. १० मार्चला कॅलिफोर्नियात लाँग बीचचा भूकंप. ४ एप्रिलला ‘ॲक्रन’ हे नौदलाचं महाकाय हवाई जहाज न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळून ७३ माणसं गेली. ते ओहायोतल्या ॲक्रन गावीच बांधलेलं, म्हणून इथल्या लोकांना ते फार लागलं. ७ एप्रिलपासून हलकी बिअर खुली झाली, आणि ५ डिसेंबरला दारूबंदी पूर्ण उठली. त्या दिवशी ज्या राज्यांच्या मतांनी ती उठली त्यांत ओहायो एक. ऑगस्टपासून दुकानांच्या काचेवर निळ्या गरुडाचं पत्रक दिसू लागतं, म्हणजे हा दुकानदार सरकारने ठरवलेली मजुरी आणि कामाचे तास पाळतो. नेपथ्यात एवढा गरुड लावलात की महिना आपोआप कळतो.

पण पहिल्या पानात रमू नका. घर आतल्या पानांवर आहे. छोट्या जाहिराती वाचा. ‘खोली भाड्याने, स्वयंपाकाची मुभा’ अशा जाहिराती वाढत जातात, म्हणजे कुटुंबं दाटीवाटीने राहून एक खोली मोकळी करत होती. ‘घरकाम करीन, राहणं-जेवण आणि थोडं वेतन’ असं लिहिणाऱ्या मुली दिसतात. वाण्याच्या शुक्रवारच्या जाहिरातीत घेवडा, बटाटे, लोण्याऐवजी वापरायचं ओलिओमार्गारिन, स्वस्तातलं मांस. शिवणाचं सदर वाचा. चादर मधे विरली की उभी फाडायची आणि कडा मधे घेऊन शिवायची. कॉलर उसवून उलटा बसवायचा. पिठाच्या पोत्यांचे कपडे. लग्नांच्या यादीकडे लक्ष द्या. देशातलं लग्नांचं प्रमाण १९२९ साली हजारी १०.१ होतं, ते १९३२ मध्ये ७.९ वर आलं. तुमच्या मोठ्या मुलीचं जमलेलं लग्न लांबणीवर पडलेलं असणं अगदी शक्य आहे, आणि त्यासाठी वेगळं कारण शोधायची गरज नाही. सायंकाळी ‘टोलेडो ब्लेड’ किंवा ‘न्यूज-बी’ घरी यायचं, दोन-तीन सेंटला. पुष्कळ घरं शेजाऱ्याशी वाटून घेत.

माझी एक सूचना आहे, मानावी असा आग्रहही आहे. हे कुटुंब पोलिश करा. टोलेडोच्या लाग्रेंज रस्त्याच्या भागात पोलिश, नदीपलीकडे बर्मिंगहॅम वस्तीत हंगेरियन, अशी स्थलांतरितांची दाट वस्ती होती. आणि टोलेडोतूनच ‘आमेरिका-एखो’ हे पोलिश भाषेतलं साप्ताहिक निघत होतं. पारिस्की नावाच्या गृहस्थाने ते वाढवलं आणि अमेरिकेबाहेरही ते वाचलं जायचं. त्यात वाचकांच्या पत्रांचं एक भलंमोठं सदर होतं. खाणीतले, गिरणीतले, शेतावरचे लोक आपल्या भाषेत, चुकतमाकत, एकमेकांना उत्तरं देत वर्षानुवर्षं लिहीत होते. धर्मावर भांडत होते, संपावर भांडत होते, मुलं पोलिश बोलत नाहीत म्हणून हळहळत होते. परदेशात राहून मराठीत एकांकिका लिहिणाऱ्या माणसाला या सदरात काय दिसेल हे मी सांगायला नको. बाप ब्लेड वाचत नाही, मुलगी त्याला त्यातलं वाचून दाखवते. तो स्वतः वाचतो ते आमेरिका-एखो. त्याला तिथे पत्र लिहायला लावा. मोठं स्वगत हवं होतं ना तुम्हाला, ते त्या पत्रात येऊ द्या.

फोटोचा मुद्दा राहिला. तो पडद्यावरून काढा.

तो फोटो मार्गारेट बुर्क-व्हाइट या छायाचित्रकार बाईचा. १५ फेब्रुवारी १९३७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आला. ठिकाण केंटकीतलं लुईव्हिल. ती रांग बेकारांची नाही. जानेवारी १९३७ मध्ये ओहायो नदीला भयंकर पूर आला, लुईव्हिलचा मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि पूरग्रस्त लोक मदतीसाठी रांगेत उभे आहेत. मागचा फलक उद्योगपतींच्या संघटनेच्या प्रचारमोहिमेचा होता, ‘जगातलं सर्वांत उंच राहणीमान’ असं त्यावर लिहिलेलं. त्या विसंगतीमुळे फोटो अमर झाला आणि नंतर पुस्तकापुस्तकांतून महामंदीची रांग म्हणून छापला जाऊ लागला. रांगेतल्या माणसांचं घर वाहून गेलं होतं, त्यांच्यावर काय कोसळलं होतं हे त्या मथळ्याने पुसून टाकलं. तुम्ही पुन्हा तसंच करू नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय पावाच्या रांगा मुख्यतः एकट्या, बेघर पुरुषांच्या असत. कुटुंबाला मदत मिळायची ती बहुधा रोख नसे, ठरावीक वाण्याच्या नावाची चिठ्ठी असे. त्यावर काय घ्यायचं हेही छापलेलं. तपासनीस बाई घरी येऊन कपाटं उघडून बघे. तुमच्या आईला लाज वाटेल ती रांगेत नव्हे, वाण्याच्या दुकानात सगळ्यांसमोर ती चिठ्ठी पुढे करताना. रांगेचा प्रवेश काढून वाण्याचं दुकान घ्या.

बाकीच्या दुरुस्त्या भराभर सांगते. मोनोपॉली १९३३ मध्ये दुकानात नव्हता. पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो १९३५ मध्ये बाजारात आणला. त्याचं मूळ लिझी मॅगी या बाईने १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या, जमीनदारी किती वाईट हे दाखवणाऱ्या खेळात आहे. आपण लहानपणी खेळलो तो ‘व्यापार’ याच घराण्यातला. त्याच्या जागी जिगसॉ कोडं ठेवा. १९३३ च्या सुरुवातीला त्याचं देशाला वेड लागलं होतं, आठवड्याला कोटीच्या घरात कोडी खपत होती. पेपरविक्याकडे दर आठवड्याला नवं, पंचवीस सेंटला. औषधांच्या दुकानांतून आणि ग्रंथालयांतून ती भाड्याने किंवा उसनी मिळत. एक कोडं चार घरांत फिरायचं, आणि एखादा तुकडा हरवलेला असायचा. टेबलाभोवती सगळे बसून हात चालू आहेत आणि बोलणं चालू आहे, नाटकाला याहून सोयीचं काय हवं. सुपरमॅन १९३८ चा. धुळीची वादळं ओक्लाहोमा-कॅन्ससकडची, सर्वांत मोठं १४ एप्रिल १९३५ चं. टोलेडोत त्यांचा संबंध नाही. दलालांनी खिडक्यांतून उड्या मारल्या हा संवाद १९२९ च्या अफवेतून आला आहे, तो गाळा. आत्महत्या वाढल्या त्या पुढे, सावकाश: १९२९ मध्ये लाखाला चौदाच्या आसपास होत्या, १९३२ मध्ये सतराच्या वर गेल्या. 

शेवट कसा करू, असं लेखकाने विचारलं आहे. बापाला कारखान्यात नोकरी परत मिळते असा शेवट नको, ती १९३३ मध्ये मिळत नाही. धाकटा अठरा वर्षांचा करता आला तर त्याला एप्रिलनंतर जंगलखात्याच्या कामाच्या छावणीत पाठवता येईल. महिन्याला तीस डॉलर, त्यातले पंचवीस परस्पर घरी. पण मला जास्त योग्य वाटतो तो नोव्हेंबर. त्या महिन्यात केंद्र सरकारने सीडब्ल्यूए नावाची तातडीची रोजगार योजना काढली आणि जानेवारीपर्यंत चाळीस लाख माणसं कामाला लावली. रस्ते, गटारं, शाळांची दुरुस्ती. त्यातली निम्मी माणसं मदतीच्या यादीतली, बाकीची नुसती बेकार. त्यांना तपासनीस बाईच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं नाही. आणि मोबदला चिठ्ठीत नव्हे, मजुरी म्हणून, चेकने. पहिले चेक नोव्हेंबरच्या अखेरीस वाटले गेले. दोन वर्षांनी या घरात पहिल्यांदा कमावलेले रोख पैसे येतात. ते कुणाकुणाला द्यायचे यावरून टेबलाशी जे बोलणं होईल, वाणी, घरमालक, विजेचं बिल, मुलीचं लग्न, आमेरिका-एखोची थकलेली वर्गणी, त्यावर पडदा पडू द्या. ही योजना मार्च १९३४ मध्ये बंद झाली आणि एप्रिलमध्ये टोलेडोत ऑटो-लाइट या मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यात संप सुरू झाला. ते प्रेक्षकांना सांगायचं असेल तर पत्रिकेत दोन ओळी छापा, संवादात आणू नका. संहितेचा नवा खर्डा झाला की पाठवा. मी १९३३ च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंतची वाण्याच्या जाहिरातींची पानं काढून ठेवते.